सायलोच्या भिंतीतील प्रतिबलांचे मापन : तत्त्व आणि दक्षता

प्रस्तावना

सातपूरसारख्या औद्योगिक वसाहतीत भुकटी वा दाण्यांच्या रूपातील पदार्थांची साठवण ही नित्याची गरज असते. पूर्वी कणगीतील धान्याचा रेटा बांबूची वीण पेलत असे. पोलादी सायलोत ते काम काही मिलिमीटर जाडीचा पत्रा करतो. त्यातील प्रतिबल गणिताने काढता येते. ते गणित वास्तवाशी जुळते की नाही, हे मात्र मापनानेच ठरते.

दाबाचे स्वरूप

पाण्याचा दाब खोलीच्या प्रमाणात वाढत जातो. धान्याचा तसा वाढत नाही. दाणे भिंतीशी घासतात आणि आपले काही वजन तिच्यावर सोपवितात. जर्मन अभियंता यान्सेन यांनी १८९५ मध्ये हा परिणाम सूत्रबद्ध केला. उदाहरणार्थ, ६ मीटर व्यासाच्या सायलोत २० मीटर उंचीचा साठा आहे, असे मानू. धान्याचा भार प्रति घनमीटर ८ किलोन्यूटन, भिंतीचा घर्षणगुणांक ०.४ आणि आडव्या-उभ्या दाबांचे गुणोत्तर ०.५ धरल्यास तळाशी आडवा दाब सुमारे २८ किलोपास्कल येतो. तेवढ्याच भाराच्या द्रवाचा दाब १६० किलोपास्कल झाला असता. मात्र धान्याच्या एकूण वजनापैकी सुमारे ६५ टक्के वजन घर्षणाद्वारे भिंतीवर येते. म्हणजेच भिंत एकाच वेळी ताणली जाते आणि दाबलीही जाते.

मापनातील दक्षता

भिंतीवर चिकटविलेला विकृतिमापक प्रतिबल मोजत नाही. तो केवळ लांबीतील सूक्ष्म बदल, म्हणजे विकृती, मोजतो. वरील उदाहरणात पत्रा ६ मिलिमीटर जाड असल्यास तळाजवळ परिघीय ताण सुमारे १४ आणि उभा दाब सुमारे २६ मेगापास्कल येतो. उभ्या दाबाने पत्रा आडवा फुगत असल्यामुळे परिघीय विकृती दशलक्षांश १०९ भरते. केवळ तिच्यावरून हिशेब केल्यास १४ ऐवजी जवळजवळ २२ मेगापास्कल हे चुकीचे उत्तर मिळते. म्हणून प्रत्येक ठिकाणी आडवा व उभा असे दोन मापक आवश्यक ठरतात. वक्रतेचा परिणाम वेगळा काढण्यासाठी ते पत्र्याच्या आतील व बाहेरील अशा दोन्ही पृष्ठांवर असावेत.

दुसरी अडचण उन्हाची. पोलाद दर अंश सेल्सिअसला दशलक्षांश १२ इतके प्रसरण पावते. केवळ १० अंशांच्या फरकाने धान्याच्या परिणामाहून मोठी विकृती दिसते. नाशिकच्या एप्रिलमध्ये दिवस-रात्रीच्या तापमानातील फरक याहून अधिक असतो. मुक्त प्रसरणात प्रतिबल नसते. परंतु रात्री आकसणाऱ्या भिंतीला आतील धान्य अडविते, तेव्हा खरा ताण निर्माण होतो. दोहोंतील भेद कळण्यासाठी रिकाम्या सायलोची चोवीस तासांची नोंद आधी घ्यावी आणि प्रत्येक मापकाजवळचे तापमानही नोंदवावे.

यान्सेन यांचे सूत्र भरलेल्या, स्थिर साठ्याचे आहे. धान्य काढताना दाब वाढतो; निर्गमद्वार मध्यापासून दूर असल्यास तो परिघावर असमान होऊन भिंत वाकते. यास्तव मापक परिघावर अनेक ठिकाणी बसवावेत आणि भरणे, स्थिर ठेवणे व रिकामे करणे या तिन्ही अवस्था नोंदवाव्यात.

निष्कर्ष

पातळ भिंतीचा सायलो बहुधा फाटण्यापेक्षा उभ्या दाबाने चुरगळण्याचा धोका अधिक असतो. केवळ परिघीय ताण मोजणारी चाचणी हा धोका दाखवीत नाही. दोन दिशा, दोन पृष्ठे, तापमान आणि साठ्याच्या तिन्ही अवस्था यांची जोड मिळाली, तरच मापकावरील आकड्यास प्रतिबल म्हणता येते.