आठ दिवसांतील पाच किलोंचा हिशेब

काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत दहावीची एक मुलगी भोवळ येऊन पडली. पाणी पाजून, वारा घालून तिला सावध केले आणि सकाळी काय खाल्लेस म्हणून विचारले. ती गप्पच राहिली. मग तिच्या मैत्रिणीकडून कळले, की थोरल्या बहिणीचे लग्न तोंडावर आले आहे आणि ही आठ दिवस केवळ लिंबूपाणी व काकडीवर राहिली आहे. मी रागावणार, एवढ्यात ती क्षीण आवाजात, पण अभिमानाने म्हणाली, "पण बाई, पाच किलो उतरले!"

त्या पाच किलोंचा हिशेब मी तिला फळ्यावर मांडून दाखवला. तोच आज आपल्यापुढे ठेवते.

शरीरातील एक किलो चरबी जाळायची, तर सुमारे 7,700 कॅलरी खर्च व्हाव्या लागतात. साधारण माणसाचा दिवसाचा एकूण खर्च 2,000 कॅलरींच्या आसपास असतो. म्हणजे आठ दिवस अन्नाचा कणही पोटात गेला नाही, तरी खर्च होणार 16,000 कॅलरी. त्यातून चरबी जाईल ती फार तर दोन किलो. मग उरलेले तीन किलो गेले कोठे?

ते बहुतांशी पाणी होते. आपल्या यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाच्या साखरेचा थोडा साठा असतो. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. उपासमार सुरू झाली, की शरीर प्रथम हा साठा मोडते आणि ते पाणी बाहेर पडते. काट्यावर वजन झरझर उतरते. पण दोन दिवस जेवले, की तेच पाणी परत येते. वजन उतरते ते असे, आणि चढते तेही असेच.

पाणी परत येते, हे त्यातल्या त्यात बरे. स्नायूंची गोष्ट तशी नाही. अन्न मिळेनासे झाले, की शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडून खाते. आणि हृदय हाही एक स्नायूच आहे, हे विसरून चालणार नाही. अमेरिकेत 1976-77 साली केवळ प्रथिनांचा द्रव पिऊन वजन उतरवण्याची लाट आली होती. त्या आहारावर असलेल्या पन्नासहून अधिक माणसांचे मृत्यू नोंदले गेले. त्यांतील काहींच्या हृदयाचे ठोके अनियमित होऊन ते दगावले.

सर्वांवरच असा प्रसंग येत नाही; पण लहान दंड पुष्कळांना भरावे लागतात. वजन फार वेगाने उतरले, की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागतात. मुलींची मासिक पाळी चुकते. मधुमेहाचे इंजेक्शन किंवा गोळी घेणाऱ्याने जेवण तोडले, तर रक्तातील साखर एकाएकी खाली येऊन जिवावर बेतू शकते.

आणि मनाचे काय होते? अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 साली डॉक्टर ॲन्सेल कीज यांनी छत्तीस निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवले होते. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले. पण त्याबरोबर ते चिडचिडे, उदास झाले. अंगात सतत थंडी भरे आणि डोक्यात अन्नावाचून दुसरा विचार येत नसे. पुढे बंधन सुटल्यावर त्यांतील अनेकांना किती खाल्ले तरी तृप्ती होईना. उपाशी ठेवलेले शरीर खर्च आखडते आणि भूक वाढवते, हा त्याचा स्वभावच आहे.

आपल्याकडे 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण उगीच पडलेली नाही. एकादशी असो, रोजे असोत, की आम्हा ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ असो. उपवास आहे तो मन आवरण्यासाठी. त्याला वजनाच्या काट्याला जुंपू नये.

मग वजन उतरवूच नये काय? ज्याचे खरोखर जास्त आहे, त्याने अवश्य उतरवावे. कमरेचा घेर पुरुषात 90 आणि स्त्रीत 80 सेंटिमीटरच्या वर गेला, तर आपण सावध व्हावे. पण आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक किलो, हाच सुरक्षित वेग होय. अर्ध्या किलोसाठी रोज सुमारे 500 कॅलरींचा फरक पडला, की पुरे. तोही हिशेब पाहा. दिवसाच्या चार कप चहातील दोन-दोन लहान चमचे साखर सोडली, तर 160 कॅलरी वाचतात. फोडणीतील एक मोठा चमचा तेल आपल्या वाट्यातून कमी झाले, तर 120. पंचवीस ग्रॅम शेव टाळली, तर 130 च्या आसपास. अर्धा तास भरभर चालले, तर शंभर. बेरीज 500 च्या वर जाते. आणि भाकरी, आमटी, उसळ, मासळी, कोशिंबीर, ताक, सारे ताटात राहते. उलट डाळ, उसळ, अंडी, मासळी पोटभर घ्यावी. त्यांनी स्नायू राखले जातात.

नव्वद किलोंच्या माणसाने अशा रीतीने पाच किलो उतरवले, तरी रक्तदाब व साखर सुधारू लागते. मात्र वाढत्या वयाची मुले, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया आणि औषधे चालू असलेले रोगी यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून काहीही करू नये.

त्या मुलीच्या बहिणीचे लग्न थाटात झाले. पंधरा दिवसांनी तिनेच मला येऊन सांगितले, की पाचपैकी चार किलो परत आले. मी म्हटले, "बाळ, ते तुझेच होते, घरी आले, बरे झाले." खरे सांगायचे तर तिचे वजन मुळात जास्त नव्हतेच. ते जास्त आहे, असे तिला कोणीतरी थट्टेत म्हटले होते. तेव्हा, श्रोतेहो, घरातल्या मुलींच्या अंगकाठीवर थट्टा करण्यापूर्वी आपण वडील मंडळींनी तो फळ्यावरचा हिशेब एकदा आठवावा, एवढीच विनंती.