पासपोर्टचा तपशील विमान कंपनीला आधीच का द्यायचा?

भंडाऱ्याकडचा प्रवासी नागपूरहून दोहा किंवा शारजाला निघाला, की विमान कंपनी पासपोर्टचा क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत आधीच मागते. इमिग्रेशनवाले पासपोर्ट बघणारच आहेत, मग कंपनीला कशाला, असं अनेकांना वाटतं. पण जबाबदारी कंपनीवरही असते. योग्य कागदपत्रांविना प्रवासी भारतात आणल्यास एक लाख रुपये दंडाची तरतूद २००० सालच्या कायद्यात होती. त्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या कायद्यातही कंपन्यांची जबाबदारी कायम आहे. विमान उतरण्यापूर्वी प्रवाशांची यादीही, ज्या देशात ते उतरणार तिथल्या यंत्रणेकडे पोचवली जाते.

खासगी माहितीबद्दलचा आक्षेप रास्त आहे. पण हाच तपशील पासपोर्टच्या फोटो असलेल्या पानाच्या तळाशी ४४-४४ अक्षरांच्या दोन ओळींत असतो आणि काउंटरवर स्कॅन होतोच. आधी दिल्याने चूक दुरुस्त करायला वेळ मिळतो. खरा धोका अनोळखी लिंकवर पासपोर्टचा फोटो टाकण्यात आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः भरणं उत्तम. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये येतं, तेव्हा पासपोर्टवर ते ज्या रकान्यात आहे, त्याच रकान्यात भरा.