बाटलीतले वंगण

गेल्या वर्षी शिमग्याच्या सुमारास माझा भाचा अमेरिकेहून आला, तो मामीसाठी एक बाटली घेऊनच. आमच्या सौ.ना आठ वर्षांपासून आमवात आहे. सकाळी तासभर बोटे वळत नाहीत. चहाची कपबशी मी धरायची, असा आमचा परिपाठ. बाटलीवर लिहिले होते, हायल्युरॉनिक ॲसिड. भाचा म्हणाला, "मामी, सांध्यातले वंगणच आहे हे! कमी पडले की सांधे कुरकुरतात. भरपाई केली की झाले."

मी जन्मभर रेल्वेच्या वर्कशॉपात काम केलेला माणूस. वंगणाची भाषा मला तेव्हाच पटली.

मग वाचनही केले. हा पदार्थ १९३४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी गाईच्या डोळ्यातल्या पारदर्शक गरातून वेगळा काढला. ग्रीक भाषेत काचेला 'हायलॉस' म्हणतात, त्यावरून हे नाव. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात तो जेमतेम पंधरा ग्रॅम असतो आणि त्यातला तिसरा हिस्सा रोज मोडतो व रोज नव्याने घडतो. जपानातल्या युझुरिहारा गावाची कथाही सापडली. तिथले म्हातारे म्हणे कंद खाऊन ताठ चालतात, कारण कंदाने हे वंगण वाढते. तो कंद कोणता म्हणाल, तर आपली अळकुडी! महिनाभर आमच्याकडे दुसरी भाजी शिजली नाही. वनस्पती हा पदार्थ मुळी बनवीतच नाहीत, हे मला पुढे कळले.

इथपर्यंत सारे हसण्यावारी नेण्यासारखे. पण सौ.ना आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी घ्यावी लागे आणि दुसरा दिवस मळमळीत जाई. वैशाखात त्या म्हणाल्या, "अहो, आता ही कॅप्सूल आहे ना? ती गोळी राहू दे थोडे दिवस." मी ऐकले आणि गप्प बसलो. खरे सांगायचे तर मला बरेच वाटले.

गणपतीच्या आदल्या दिवशी उकड मळून झाली. पारी हातात घेतली, पण कळी पाडायला चिमूट जुळेना. बोटांची पेरे सुपारीसारखी टरारली होती. एकवीस मोदक जाऊबाईंनी केले. सौ. देवघराच्या दारात हात पदराखाली घेऊन बसल्या होत्या.

डॉक्टरबाईंनी रागे भरण्याऐवजी बाटली हातात घेतली आणि मलाच विचारले, "यांच्या अंगात हे कमी आहे, असे कोणी सांगितले?"

मी निरुत्तर. त्या म्हणाल्या, "आमवातात रक्तातले याचे प्रमाण बहुधा वाढलेलेच असते. सुजलेले अस्तर ते भरमसाट बनवते. सकाळी उठून हालचाल सुरू झाली की सांध्यात साठलेले रक्तात उतरते. यकृत ते रक्तातून काढून टाकते. यकृत निबर झाले तरी प्रमाण वाढते, म्हणून आम्ही ते यकृताच्या आजाराची खूण म्हणून वाचतो. सांध्यात उणीव असते ती लांब धाग्यांची. सुजेने धागे तुटून आखूड होतात, शिवाय पाणी भरून वंगण पातळ होते. आणि पोटात घेतलेली कॅप्सूल जशीच्या तशी सांध्यात पोचत नाही. आतड्यातले जंतू तिचे तुकडे करतात."

बेअरिंग तापून तेल गळत असताना वरून नुसते तेल ओतणारा फिटर आम्ही वर्कशॉपात एक दिवस ठेवला नसता. घरात मी तेच केले होते.

वयोमानाने गुडघे झिजलेल्यांवर या कॅप्सुलांचे काही लहान प्रयोग झाले आहेत आणि त्यांत थोडाफार उतार दिसला आहे, हेही बाईंनी सांगितले. तो आजार निराळा. मळमळीवर मात्र उपाय होता. फॉलिक ॲसिडची मात्रा वाढवली, गोळी रात्री जेवणानंतर ठेवली, आणि निभावले. तीन वर्षे आम्ही तोंड उघडून विचारलेच नव्हते!

निघता निघता सौ.नी विचारले, "हे करतात तरी कशाचे?"

"पूर्वी कोंबड्याच्या तुऱ्याचे करीत. अजूनही काही करतात. बाकीचे जंतूंकडून आंबवून."

"तुऱ्याचे! आणि मी चातुर्मासात घेतले?" रिक्षात बसेपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

सूज उतरायला संक्रांत उजाडली. उजव्या हाताची करंगळी वाकडी झाली, ती तशीच राहिली. ती आता सरळ व्हायची नाही, असे बाई म्हणाल्या. यंदाच्या गणपतीत एकवीसपैकी अकरा मोदक सौ.नी केले, दहा जाऊबाईंनी. कळ्या थोड्या जाड आल्या. त्या बाटलीत आता वेलदोडे असतात.