विसावलेली जहाजे – लेखांक चौथा : ‘मोशुलू’च्या पोटातील पंगत

गेल्या लेखांकात आपण कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे कायमच्या विसावलेल्या ‘क्वीन मेरी’ची हकीकत पाहिली. अटलांटिक ओलांडणाऱ्या उतारूंची बडदास्त ठेवण्याकरिताच जिची निर्मिती झाली, तिने १९६७ साली समुद्राचा निरोप घेतल्यावर धक्क्याला राहून पाहुण्यांसाठी आपली दालने उघडावीत, यात विसंगत असे काही नव्हते. आज जिचा विचार करावयाचा त्या ‘मोशुलू’ची गोष्ट निराळी आहे. फिलाडेल्फिया शहरात, डेलावेअर नदीच्या काठी असलेल्या पेन्स लँडिंग येथे, चार उंच डोलकाठ्या उभारून ही पोलादी नौका उभी आहे आणि उपाहारगृह म्हणून ती मशहूर आहे; परंतु जिथे आज पांढरेशुभ्र मेजपोस अंथरले जातात, त्या तिच्या पोटाची घडण माणसांसाठी नव्हे, तर सोरा, कोळसा, इमारती लाकूड आणि गहू यांच्यासाठी झालेली होती.

१९०४ साली स्कॉटलंडमध्ये, क्लाइड नदीवरील पोर्ट ग्लासगो येथे विल्यम हॅमिल्टन आणि कंपनीच्या गोदीत ती बांधली गेली. हँबुर्गच्या सीमर्स या व्यापारी पेढीने तिला ‘कुर्ट’ या नावाने पाण्यात उतरविले. ती ‘चार डोलकाठ्यांची बार्क’ या जातीची. म्हणजे पुढच्या तीन काठ्यांवर आडवे वासे बांधून त्यांवर चौकोनी शिडे सोडावयाची आणि सर्वांत मागच्या काठीवर मात्र जहाजाच्या लांबीला समांतर अशी शिडे चढवावयाची, ही तिची रचना. या व्यवस्थेमुळे अफाट शिडे थोड्या खलाशांच्या हातून आवरता येत, आणि मजुरीची काटकसर हाच तर त्या काळच्या शिडाच्या व्यापाराचा प्राण होता. चिलीच्या किनाऱ्यावरून सोरा भरावयाचा आणि केप हॉर्नच्या कुप्रसिद्ध वादळांतून तो युरोपात पोचवावयाचा, हा तिचा आरंभीचा व्यवसाय. तो सोरा शेतात खत म्हणून जाई आणि कारखान्यात स्फोटक द्रव्यांसाठीही लागे.

१९१४ साली महायुद्धाचा भडका उडाला तेव्हा ती अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, ऑरेगन प्रांतात होती. तिथेच ती अडकून पडली आणि १९१७ साली अमेरिका युद्धात उतरताच शत्रूची मालमत्ता म्हणून तिच्यावर सरकारी जप्ती आली. ‘मोशुलू’ हे नाव अध्यक्ष विल्सन यांच्या पत्नीने दिलेले. त्यानंतर काही वर्षे लाकडाची वाहतूक, मग १९२८ पासून बंदरात नुसतेच पडून राहणे, आणि अखेर १९३५ साली अवघ्या बारा हजार डॉलरांत फिनलंडच्या ऑलंड बेटांवरील गुस्ताफ एरिक्सन या जहाजमालकाच्या नावे खरेदीखत, असा तिचा प्रवास झाला.

एरिक्सन हा माणूस शिडाच्या व्यापाराचा अखेरचा मोठा आश्रयदाता. वाफेच्या जहाजांनी सारा समुद्र व्यापला असताना त्याने जगातील टाकाऊ ठरलेली शिडाची जहाजे भंगाराच्या मोलाने विकत घेतली आणि त्यांना ऑस्ट्रेलियाच्या गव्हावर जगविले. हे कसे साधले, ते समजून घेण्यासारखे आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियातील स्पेन्सर आखातात पोर्ट व्हिक्टोरियासारखी कित्येक लहान बंदरे अशी होती, की जिथे मोठ्या जहाजाला धक्क्याशी लागताच येत नसे. खोल पाण्यात नांगर टाकून लहान गलबतांतून येणाऱ्या पोत्यांची वाट पाहत आठवडेच्या आठवडे उभे राहावे लागे. वाफेच्या जहाजाला हा खोळंबा परवडत नसे. ज्याचे इंधन वारा आणि ज्याची खरेदी किंमत नगण्य, त्या शिडाच्या जहाजाला मात्र तो परवडे. शिवाय गहू नाशवंत नसल्यामुळे तीन-साडेतीन महिन्यांचा सागरी प्रवास हीच त्या मालाची बिनभाड्याची वखार होई. आयर्लंडमधील क्वीन्सटाउन किंवा इंग्लंडमधील फाल्मथ येथे पोचून मालाचा सौदा कुठे ठरला याचा हुकूम घ्यावयाचा आणि मग त्या बंदराकडे वळावयाचे, अशी वहिवाट होती.

हा गहू तागाच्या पोत्यांतून भरला जाई आणि ऑस्ट्रेलियाला लागणारी ती पोती मुख्यतः कलकत्त्याच्या गिरण्यांतून येत. सुट्ट्या धान्याऐवजी पोत्यांची थप्पी लावण्याचे कारण केवळ सोय नव्हते. सुटे धान्य जहाज कलताच पाण्यासारखे एका अंगाला वाहू लागते आणि मग त्या कललेल्या जहाजाला पुन्हा सावरणे अशक्यप्राय होते. १९५७ च्या सप्टेंबरात अटलांटिकमधील चक्रीवादळात सापडून ‘पामीर’ ही अशीच चार डोलकाठ्यांची बार्क बुडाली, तेव्हा तिच्यात भरलेले जव बहुतांशी सुटेच होते. जहाजावरील शहाऐंशी जणांपैकी ऐंशी जण त्या दुर्घटनेत प्राणांस मुकले.

‘मोशुलू’च्या आयुष्यातील सर्वांत उज्ज्वल प्रवास १९३९ सालचा. त्या वर्षी पोर्ट व्हिक्टोरियाहून सुमारे पावणेपाच हजार टन गहू घेऊन ती मार्चमध्ये निघाली आणि केप हॉर्नला वळसा घालून ९१ दिवसांत क्वीन्सटाउनला पोचली. गव्हाच्या ताफ्यातील इतर सर्व जहाजांना तिने मागे टाकले. या सफरीवर एरिक न्यूबी नावाचा एक इंग्रज तरुण उमेदवार खलाशी म्हणून होता. वयाच्या अठराव्या वर्षी, १९३८ साली, तो बेलफास्टला जहाजावर रुजू झाला. वेतन मिळण्याऐवजी उलट पन्नास पौंड शुल्क भरूनच त्याला ही उमेदवारी मिळाली होती. त्याने पुढे १९५६ साली ‘द लास्ट ग्रेन रेस’ हा ग्रंथ लिहिला आणि त्यामुळेच या जहाजाचे नाव समुद्र न पाहिलेल्या वाचकांपर्यंत पोचले.

त्या काळी शिडाच्या जहाजांवर खलाशी जे जेवत, त्याचा उल्लेख आज तिथे भोजनास बसणाऱ्याने अवश्य ध्यानी घ्यावा. पिंपात मुरवलेले खारट मांस, वाळलेल्या वाटाण्यांचे कालवण, दगडासारखी कडक बिस्किटे आणि मोजून मिळणारे गोडे पाणी, एवढ्यावर पंधरा-सोळा मजल्यांइतक्या उंचीच्या डोलकाठीवर, बर्फाळ वाऱ्यात चढून, ओल्याचिंब जाड शिडाशी झुंजणारी मुले जगत होती. सागरावर भूक ही शिस्तीचा भाग होती. रुची हा शब्द त्या पाकशाळेला ठाऊक नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी नॉर्वेत जहाजाचा ताबा घेतला, डोलकाठ्या उतरविल्या, आणि युद्धानंतर प्रथम स्वीडनमध्ये, पुढे फिनलंडमधील नान्ताली येथे ती तरंगती धान्यवखार झाली. १९७० साली एका अमेरिकन उपाहारगृह कंपनीने तिला विकत घेतले, नेदरलँड्समध्ये तिच्यावर नव्या काठ्या आणि वासे चढविले, आणि १९७५ च्या सुमारास ती फिलाडेल्फियात पाहुण्यांचे स्वागत करू लागली. ‘द गॉडफादर’च्या दुसऱ्या भागात कोवळ्या व्हिटोला न्यूयॉर्कला आणणारे जहाज म्हणून ती अनेकांनी पडद्यावर पाहिली असेल, मात्र स्थलांतरितांची वाहतूक तिने प्रत्यक्षात कधी केली नाही. १९८९ साली जहाजावर आग लागून उपाहारगृह बंद पडले ते १९९६ पर्यंत.

नदीत उभ्या जहाजावर पाकशाळा चालविणे हे जमिनीवरील खानावळीपेक्षा अवघड काम आहे. समुद्रापासून सुमारे शंभर मैल आत असूनही डेलावेअरला फिलाडेल्फियापाशी भरती-ओहोटी येते आणि पाण्याची पातळी दिवसातून दोनदा सुमारे सहा फूट चढते-उतरते. म्हणजे भोजनाला बसलेली मंडळी हळूहळू वर उचलली जात असतात किंवा खाली उतरत असतात. त्यांना त्याचा पत्ता नसतो, पण अशा जहाजावरील ये-जा करण्याची शिडी, पिण्याच्या पाण्याची नळी, सांडपाण्याची नळी, विजेची तार, हे सारे त्या चढउतारासह लवेल अशाच बेताने जोडावे लागते. एक बाब मात्र नशिबाची: इथले पाणी गोडे असल्यामुळे खाऱ्या पाण्याच्या मानाने पोलाद कमी गंजते. शिवाय जहाजाचा डेक कधीच सपाट नसतो. पाणी वाहून जावे म्हणून तो मध्यावर किंचित फुगीर आणि दोन्ही टोकांकडे चढता असतो. अशा जमिनीवर मेजे मांडावयाची तर प्रत्येक मेजाचे पाय जागेप्रमाणे जुळवून घ्यावे लागतात किंवा वरून नवी समतल जमीन घालावी लागते.

जातिवंत शिडाच्या जहाजाची खानावळ व्हावी, ही विटंबना आहे असे मानणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या भावनेचा मी आदर करतो, पण ती मला मान्य नाही. पोलादी जहाज हे पाण्यात अखंड झिजत असते. त्याचे पत्रे, रिवेट आणि सांधे यांवर दरसाल पैसा ओतावाच लागतो आणि तो कुठून तरी यावाच लागतो. याच पेन्स लँडिंगवर ‘ऑलिंपिया’ नावाची युद्धनौका आहे. १८९८ च्या मनिला उपसागरातील लढाईत सेनापतीचे निशाण तिच्यावर फडकले होते. तरीही १९४५ पासून ती कोरड्या गोदीत गेलेली नाही आणि २०१० च्या सुमारास, डागडुजीचा खर्च न झेपल्यामुळे, तिच्या संग्रहालयाने तिला दुसऱ्या कुणाच्या स्वाधीन करण्याचा विचारही करून पाहिला होता. ‘पेकिंग’ ही १९११ ची बार्क न्यूयॉर्कला संग्रहालयाच्या धक्क्यावर दशकानुदशके झिजत राहिली आणि २०१७ साली हँबुर्गकडे परत नेण्यात आली तेव्हा तिच्या दुरुस्तीला कोट्यवधी युरो लागले. तो भार जर्मनीच्या संघीय सरकारने उचलला म्हणून ते शक्य झाले. प्रत्येक जहाजामागे असे सरकार उभे राहत नाही. ‘मोशुलू’ तगली ती प्रत्येक काळात काही ना काही उपयोगाची राहिली म्हणून. वखार म्हणून तिने घालविलेली वर्षे दिसायला कळाहीन असली तरी त्याच वर्षांत तिच्या कित्येक भगिनी भंगारात गेल्या.

माझा आक्षेप असलाच तर तो निराळा आहे. भोजनदालने थाटताना मालाचे ते विशाल, अखंड पोट मजल्यांत आणि खोल्यांत विभागले जाते, आणि पाहुण्याला आपण नेमके कुठे बसलो आहोत याचा अंदाज येत नाही. आज तिच्यावर दिसणाऱ्या काठ्या नंतरच्या आहेत. पण सांगाडा पोर्ट ग्लासगोचाच. अशा प्रत्येक जहाजात एक तरी कप्पा तळापासून डेकपर्यंत मोकळा ठेवावा, तिथे रिवेट मारलेले उघडे पत्रे दिसावेत आणि तिथे एके काळी पोत्यांची केवढी थप्पी लागत असे हे माणसाला मान वर करून पाहता यावे, एवढी मागणी उपाहारगृहाच्या जमाखर्चाला जड जाणारी नाही. फिलाडेल्फिया परिसरात आपली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांनी मुलांना तिथे नेले तर जेवणापूर्वी थोडा वेळ वरच्या डेकवर काढावा, डोलकाठीच्या बुंध्याशी उभे राहून वर टोकाकडे पाहावे आणि अठरा वर्षांचा एक मुलगा बेलफास्टला अशाच काठीवर चढला होता हे त्यांना सांगावे.

पुढील लेखांकात योकोहामाच्या यामाशिता उद्यानाशी नांगरलेल्या ‘हिकावा मारू’चा परिचय करून घेऊ.