मोतीबिंदूनंतर ढळलेलें भिंग

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यांत, गोदावरीच्या उत्तर तीरावर शहागड हें गांव आहे. सोलापूर-धुळें महामार्ग येथेंच नदी ओलांडतो. ह्या गांवांत राहणाऱ्या एका वृद्ध शेतकऱ्याची कल्पना करावी. बारा वर्षांपूर्वीं त्याच्या उजव्या डोळ्यांतील मोतीबिंदु काढून तेथें कृत्रिम भिंग बसविण्यांत आलें. तेव्हांपासून त्याची दृष्टि निर्मळ होती. कपाशीवरची कीड पाहणें, पोथी वाचणें, नातवाला अक्षरें दाखविणें, सर्व कांहीं त्याला जमत होतें. एके दिवशीं सकाळीं तो उठून पाहतो, तों अंगणांतल्या एका खांबाचे दोन खांब झालेले! मान हलविली कीं समोरचें चित्रहि थरथरतें. डोळा दुखत नाहीं, लालहि झालेला नाहीं. तो पुण्यास नोकरी करणाऱ्या मुलाला दूरध्वनीवरून कळवितो, "मोतीबिंदु माघारी आला वाटतं, बाबू." मुलगा उत्तर देतो, "बरं आबा, दिवाळीला येतों तेव्हां दाखवूं."

ह्या साध्या संभाषणांत दोन चुका दडलेल्या आहेत. पहिली चूक बापाची. एकदां काढलेला मोतीबिंदु परत येत नाहीं. दुसरी चूक मुलाची. जें काय झालें आहे तें समजून न घेतां दिवाळीची वाट पाहणें शहाणपणाचें नव्हे. ह्या दोन्ही चुका सुशिक्षित घरांतूनहि नित्य होतात. म्हणून हा विषय नीट समजून घेणें अवश्य आहे.

डोळ्याच्या बाहुलीमागें एक पारदर्शक भिंग असतें. तें एका अत्यंत पातळ पिशवींत बसविलेलें असून ती पिशवी शेंकडों सूक्ष्म तंतूंनीं चोहों बाजूंनीं डोळ्याच्या भिंतीला टांगलेली असते. झोळी जशी दोऱ्यांवर तोलून धरलेली असावी, तशी ही रचना आहे. वय वाढलें कीं भिंग गढूळ होतें. ह्या गढूळपणालाच मोतीबिंदु म्हणतात. आजच्या शस्त्रक्रियेंत पिशवीच्या पुढच्या बाजूला सुमारें पांच मिलिमीटरांचें गोल छिद्र पाडून आंतील गढूळ गर काढून घेतात आणि रिकाम्या पिशवींत कृत्रिम भिंग ठेवतात. ह्या भिंगाची चकती सुमारें सहा मिलिमीटरांची असते. तिच्या दोन बाजूंना दोन लवचिक हात असतात आणि ते पिशवीच्या कडांवर टेकून भिंगाला मध्यभागीं धरून ठेवतात.

ह्यावरून दोन गोष्टी उघड होतात. जें भिंग गढूळ झालें होतें तें डोळ्यांत उरलेंच नाहीं. मग मोतीबिंदु परत येणार कोठून? दुसरें असें कीं, कृत्रिम भिंग कितीहि उत्तम असलें तरी तें ज्या झोळींत बसतें ती झोळी जुनीच, रोग्याच्या जन्माबरोबर आलेली असते. पिशवीचा मागचा पडदा मध्यभागीं मिलिमीटराच्या अवघ्या चार सहस्रांशाइतका जाड असतो. भिंग ढळतें तेव्हां बहुधा भिंग बिघडलेलें नसतें. त्याचा आधार सुटलेला असतो.

हा आधार दोन प्रकारें सुटतो. पहिला प्रकार शस्त्रक्रियेनंतर थोड्या दिवसांतच दिसतो. मोतीबिंदु फार पिकलेला व टणक असला, किंवा तंतु आधींच अशक्त असले, म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळीं पिशवी फाटण्याचा किंवा कांहीं तंतु तुटण्याचा संभव असतो. अशा डोळ्यांत ठेवलेलें भिंग पहिल्या कांहीं आठवड्यांत एका बाजूस कलतें. मोतीबिंदु अगदीं पिकेपर्यंत थांबावें ही जुनी समजूत म्हणूनच आतां सोडून दिली पाहिजे.

दुसरा प्रकार वर्षानुवर्षांनीं उद्भवतो. शस्त्रक्रिया निर्दोष झालेली असते आणि भिंग पिशवींत नीट बसलेलें असतें. परंतु टांगणारे तंतु हळूहळू झिजतात आणि शेवटीं पिशवीसकट भिंग खालीं घसरतें. कांहीं वृद्धांच्या डोळ्यांत भिंगाच्या आवरणावर राखेसारखे पांढुरके कण साचतात. तंतु झिजण्याचें हें फार मोठें कारण आहे. ज्यांना लहानपणापासून जवळचें दिसे पण दूरचें दिसत नसे, अशा जाड चष्म्याच्या माणसांत, तसेंच दृष्टिपटलाची शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांत हा धोका अधिक असतो. कांहीं डोळ्यांत पिशवी आंत आकसत जाते आणि तंतूंना ताण देते. बैलाच्या शिंगाचा धक्का, लाकूड फोडतांना उडालेली ढलपी, मुलाचा चेंडू, असा मुका मारहि अशक्त तंतु तोडण्यास पुरेसा होतो.

ह्या आपत्तीचें प्रमाण फार मोठें नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यांतील ओमस्टेड परगण्यांत शस्त्रक्रिया झालेल्या लोकांच्या दीर्घ काळच्या नोंदी तपासण्यांत आल्या. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या ह्या पाहणीप्रमाणें शस्त्रक्रियेनंतर दहा वर्षांत भिंग ढळण्याचा संभव हजारांत एक, वीस वर्षांत हजारांत सात आणि पंचवीस वर्षांत हजारांत सतरा इतका निघाला. म्हणजे जसजशीं वर्षें लोटतात तसतसा धोका वाढतो.

जें आज अपघात म्हणून गणलें जातें, तीच एके काळीं शस्त्रक्रिया होती, हें ऐकून नवल वाटेल. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत डोळ्यांत शलाका घालून दृष्टीचा अडथळा दूर करण्याची क्रिया वर्णिली आहे. आजचे अभ्यासक हिला गढूळ भिंग ढकलण्याची क्रिया समजतात. नंतर रोग्यानें उताणें निजावें, शिंक, खोकला, ढेकर टाळावी, असेंहि तेथें सांगितलें आहे. भिंग बाहुलीपुढून हललें कीं रोग्यास तात्काळ उजेड दिसे. परंतु तें भिंग डोळ्यांतच पडून राही आणि पुढें दाह, दाब व अंधत्व येण्याची भीति असे. मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयांत काम केलेल्या रॉबर्ट हेन्री इलियट यांनीं फिरत्या वैदूंनीं अशा रीतीनें हाताळलेले शेंकडों डोळे अभ्यासून त्यांची दुर्दशा १९१७ सालीं लंडन येथील व्याख्यानांतून मांडली.

भिंग ढकलण्याऐवजीं बाहेर काढण्याची क्रिया फ्रान्समध्यें झाक दाव्हिएल यांनीं १७४७ च्या सुमारास केली. त्यानंतर दोनशें वर्षें रोग्यास जाड चष्म्यावरच भागवावें लागलें. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयांत हॅरल्ड रिडली यांनीं २९ नोव्हेंबर १९४९ रोजीं कृत्रिम भिंगाची पहिली शस्त्रक्रिया केली. युद्धांत वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या खिडकीचे पर्स्पेक्सचे तुकडे डोळा सहन करतो, ह्या निरीक्षणावरून त्यांना ही कल्पना सुचली होती. परंतु त्यांचें भिंग जड होतें, त्याला आधाराचे हातहि नव्हते, आणि तें जागेवरून ढळणें हीच मोठी अडचण ठरली. म्हणजे हा प्रश्न कृत्रिम भिंगाइतकाच जुना आहे.

महाराष्ट्रांतील जुन्या पिढीला नेत्रशिबिरें आठवतील. त्या काळीं बहुधा पिशवीसकट सबंध भिंग काढून घेत आणि रोगी जाड भिंगांचा चष्मा लावून घरीं परते. डोळ्यांत कांहीं बसविलेलेंच नसल्यामुळें ढळण्याचा प्रश्नच नव्हता. मदुरेच्या ऑरोलॅब संस्थेनें १९९२ सालीं स्वस्त भिंगें भारतांतच तयार करण्यास आरंभ केला. १९९४ ते २००२ ह्या काळांत जागतिक बँकेच्या साहाय्यानें सात राज्यांत मोतीबिंदु-निवारणाचा प्रकल्प चालला. त्यांत महाराष्ट्रहि होता. ह्या काळांत कृत्रिम भिंग खेड्यापाड्यांतील गरिबांपर्यंत पोंचलें. तेव्हां साठीच्या आंत शस्त्रक्रिया झालेल्या कित्येकांच्या डोळ्यांतील भिंगांना आज पंचवीस वर्षें उलटून गेलीं आहेत. आयुर्मान वाढलें ही आनंदाची गोष्ट. पण त्याबरोबर जुन्या झोळ्यांची काळजीहि वाढली आहे.

भिंग ढळल्याचें घरच्या घरीं कसें ओळखावें? दृष्टि एकाएकीं धूसर होते. वस्तूची दुहेरी प्रतिमा दिसते. कधीं भिंगाची कडाच काळ्या कमानीसारखी नजरेसमोर येते, दिव्याभोंवतीं वलयें दिसतात. भिंग पार खालीं पडलें तर शस्त्रक्रियेपूर्वीं नव्हतें इतकें अंधुक दिसूं लागतें आणि फार जाड चष्मा लावल्यावरच कांहींसें स्पष्ट होतें. दुहेरी दिसत असेल तर एक सोपी परीक्षा करावी. चांगला डोळा हातानें झांकावा. उरलेल्या एका डोळ्यानेंहि दोन वस्तु दिसत राहिल्या तर दोष बहुधा त्या डोळ्याच्या आंत आहे. कोणताहि एक डोळा झांकतांच दुसरी वस्तु नाहींशी होत असेल, तर दोन डोळ्यांचा मेळ बिघडला आहे. त्याचें मूळ नसांत किंवा मेंदूंत असूं शकतें आणि तेंहि त्वरित दाखविलें पाहिजे.

पुष्कळदां शस्त्रक्रियेनंतर कांहीं महिन्यांनीं वा वर्षांनीं पिशवीचा मागचा पडदा गढूळ होतो. ह्यालाच लोक मोतीबिंदु परत आला असें म्हणतात. ही दृष्टि हळूहळू मंदावते. तिच्यावर लेसर किरणांनीं कांहीं मिनिटांत इलाज होतो. दोन्ही विकार वरवर सारखे वाटले तरी त्यांचे इलाज निराळे आहेत. त्यांतला भेद सूक्ष्मदर्शक जोडलेल्या दिव्यानें डोळा तपासणाऱ्या नेत्रवैद्यालाच कळतो.

इलाजाच्या बाबतींत निराश होण्याचें कारण नाहीं. भिंग थोडें कललें असून दृष्टि चांगली असेल तर नुसती देखरेख पुरते. अधिक ढळलें असल्यास तेंच भिंग पुन्हां मध्यावर आणून बारीक टाक्यांनीं डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीला बांधतां येतें, किंवा तें काढून बुबुळाला चिमट्यासारखें धरून राहणारें दुसरें भिंग बसवितां येतें. चेन्नईच्या डॉ. अमर अगरवाल यांनीं २००७ सालीं भिंगाचे हात डोळ्याच्या भिंतींत खोवून विशिष्ट गोंदानें पक्के करण्याची पद्धति रूढ केली, जपानच्या डॉ. यामाने यांची बिनटाक्याची रीतहि आतां पुष्कळ ठिकाणीं वापरतात. भिंग डोळ्याच्या मागच्या गरांत पडलें असेल तर दृष्टिपटलाचा तज्ज्ञ आधीं तो गर काढून मग भिंग उचलतो. दृष्टिपटल शाबूत असेल तर बहुतेकांना उपयोगी दृष्टि परत मिळते.

म्हणून वेळेचें महत्त्व. ढळलेल्या भिंगानें प्रत्येक वेळीं तात्काळ नुकसान होतेंच असें नाहीं. परंतु तें आंतल्या आंत घासून दाह आणतें, दाब वाढवितें आणि कधीं दृष्टिपटलालाहि इजा पोंचते. डोळा दुखूं लागला, लाल झाला, विजेसारख्या चमका किंवा काळ्या ठिपक्यांचा वर्षाव दिसला, अथवा नजरेसमोर पडदा ओढल्यासारखें झालें, तर त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. असें कांहीं नसलें तरी चार दिवसांच्या आंत दाखवावें. तोंवर डोळा चोळूं नये, दुकानांतून थेंब आणून घालूं नयेत आणि अंधुक नजरेनें विहिरीवर वा महामार्गावर एकट्यानें जाऊं नये. शस्त्रक्रियेच्या वेळीं मिळालेला भिंगाची शक्ति व प्रकार लिहिलेला कागद घरांत जपून ठेवावा. दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळीं तो फार उपयोगी पडतो.

शहागडच्या त्या वृद्धाला नेत्रवैद्यासाठीं मुंबई गांठण्याची गरज नाहीं. अंबडावरून जालन्याला गेल्यास श्री गणपति नेत्रालय आहे. महामार्गानें छत्रपति संभाजीनगरला गेल्यास घाटीचें सरकारी रुग्णालय आहे. अडचण रस्त्याची नसते. आपल्यासाठीं कोणी रजा काढावी, ह्या संकोचाची असते. वडील माणसें आपलें दुखणें सांगतांना अर्धें गिळून टाकतात. तेव्हां गांवाहून "नीट दिसत नाहीं" असा निरोप आला, तर शहरांतील मुलानें तीन प्रश्न विचारावेत: एकाएकीं झालें कीं हळूहळू? एक डोळा झांकल्यावर काय दिसतें? दुखतें का, चमका दिसतात का? आणि उत्तर कांहींहि आलें तरी एवढेंच म्हणावें, "आबा, उद्यांच निघा, मी जालन्याला येऊन थांबतों."