पाण्याखालची जहाजे
चौथीत आम्ही शिवरायांचे आरमार शिकलो. मी विचारले, "गुरुजी, ती जहाजं आता कुठं असतील?" मग गुरुजींनी विजयदुर्गची हकिगत सांगितली. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांनी तिथे समुद्रातून तोफा डागल्या. एका जहाजाला आग लागली. जहाजे जवळजवळ होती, म्हणून तुळाजी आंग्र्यांचे सगळे आरमारच जळाले. पेशवे तेव्हा इंग्रजांच्या बाजूला होते. मला फार राग आला.

बुडालेले लाकूड तरी उरते का? आपल्या समुद्रात लाकूड पोखरणारे किडे असतात, घरच्या दाराला वाळवी लागते ना, तसे. चिखलात गाडलेले तेवढे टिकते.

स्वीडन देशात वासा नावाचे लढाऊ जहाज १६२८ साली पहिल्याच फेरीत बुडाले. तिथल्या पाण्यात मीठ कमी, म्हणून ते किडे नाहीत. १९६१ साली जहाज वर काढले. पण नुसते वाळवले असते तर तडकले असते! आमच्या गाडीचे चाक उन्हाळ्यात वाळले की धाव सैल होते. मग आजोबा ते गोदावरीत भिजत घालतात. वासावर १७ वर्षे मेणासारखे औषध फवारले.

आजोबांना सांगितले तर म्हणाले, "आपल्या चाकाला कुठून आणायचं रे एवढं औषध?"