मदतीचा पैसा, अटींचा कागद आणि ब्लँकेटचे वजन

आपल्या धंद्यात पैसा एकदा गल्ल्यात पडला की तो कोणत्या गिऱ्हाइकाकडून आला याला काही अर्थ उरत नाही. सकाळी लुंगीच्या गठ्ठ्याचे आलेले पैसे दुपारी सूतवाल्याला जातात, संध्याकाळी त्यातूनच हमालाची मजुरी निघते आणि उरले तर घरखर्चाला लागतात. वर्षअखेरीस ताळेबंद जुळला म्हणजे झाले. परंतु युद्ध, भूकंप, दुष्काळ अशा संकटात जगभर धावून जाणाऱ्या ज्या मोठ्या मदतसंस्था आहेत, त्यांच्या तिजोरीत असे चालत नाही. तेथे प्रत्येक नोटेला ती देणाऱ्याची अट चिकटलेली असते आणि ती अट सांभाळण्यासाठी वेगळे खाते, वेगळी माणसे आणि खोल्या भरतील इतके कागद ठेवावे लागतात.

या विषयाशी आपल्या वाचकांचा संबंध काय, असे कुणी विचारील. संबंध असा की या संस्था ब्लँकेट, ताडपत्री, चादरी, टॉवेल, साबण, भांडीकुंडी यांच्या जगातल्या फार मोठ्या खरेदीदार आहेत. पानिपतच्या कारखानदारांनी जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्यांपासून सूत काढून विणलेली ब्लँकेटे वर्षानुवर्षे अशाच संस्थांना पुरवली. पुढे चीनचे पोलिएस्टर फ्लीस आले आणि तो व्यापार पुष्कळसा हातचा गेला, ही गोष्ट वेगळी. अशा खरेदीदाराशी सौदा करायचा तर त्याच्या मागे कोण उभा आहे आणि तो कशाला घाबरतो, हे ठाऊक असलेले बरे.

मागे उभा असतो तो देणगीदार. कधी अमेरिकेचे सरकार, कधी युरोपीय संघ, कधी संयुक्त राष्ट्रांची एखादी शाखा. तो संस्थेशी करारनामा करतो. त्यात काम कोणत्या जिल्ह्यात, किती कुटुंबांसाठी, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत हे लिहिलेले असते. ब्लँकेटला किती, ट्रकभाड्याला किती, पगाराला किती असे रकाने ठरलेले असतात. एका रकान्यातील मोठी रक्कम दुसऱ्या रकान्यात न्यायची तर आधी लेखी परवानगी लागते. मुदतीच्या एक दिवस आधी केलेला खर्च सहसा मंजूर होत नाही आणि मुदत संपल्यावर शिल्लक राहिलेला पैसा परत करावा लागतो. एकच इंजिनीअर तीन देणगीदारांच्या कामावर असेल तर त्याचा पगार तासांच्या नोंदीवरून तिघांत वाटला जातो. जीप एकच असेल तर डिझेलही तसेच. काम संपले तरी दप्तर बांधून ठेवावे लागते. अमेरिकी सरकारच्या नियमाने शेवटचा अहवाल दिल्यापासून ३ वर्षे, तर युरोपीय संघाच्या नियमाने शेवटचा हप्ता मिळाल्यापासून ५ वर्षे.

हे सारे सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला अनुदान व्यवस्थापक म्हणतात. आपल्या भाषेत तो मुनीमच. पण दहा शेठांचा एकच मुनीम, आणि दहाही शेठांच्या वह्यांचे रकाने निरनिराळे. गंमत अशी की कागद मागताना जे शेठ हात आखडत नाहीत, तेच या मुनीमाचा पगार देताना आखडतात. कचेरीच्या दिवाबत्ती खर्चासाठी युरोपीय संघ आपल्या मदत-अनुदानावर ७ टक्के देतो. अमेरिकी नियमात, ज्या संस्थेने आपला दर वेगळा ठरवून घेतलेला नाही तिला १० टक्के मिळत. ऑक्टोबर २०२४ पासून ते १५ टक्के झाले. दुकानाचे भाडे, वीज आणि हिशेबनिसाचा पगार इतक्यात बसवून कुणी पेढी चालवून दाखवावी!

देणाऱ्याच्या अटीची ही कल्पना आपल्याला परकी नाही. वक्फनाम्यात वाकिफने विहीर बांधायला पैसा ठेवला असेल तर मुतवल्ली त्यातून मुसाफिरखाना बांधू शकत नाही. जकातीचे हकदार ठरलेले आहेत, म्हणून जकात आणि सदका यांची खाती वेगळी ठेवावी लागतात. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने २०१९ मध्ये जकात फंड रीतसर सुरू केला, तेव्हा जकातीची पूर्ण रक्कम हकदार निर्वासितांकडेच जाईल आणि तिच्यातून कचेरीचा खर्च काढला जाणार नाही, अशी हमी तिला द्यावी लागली.

अट किती गांभीर्याने घ्यावी याचा एक दाखला मला फार आवडतो. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीनंतर जगभरातून पैशाचा पूर आला. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या डॉक्टरांच्या संस्थेने आठवडाभरातच जाहीर करून टाकले की सुनामीच्या कामासाठी आम्हाला पुरेसे मिळाले आहे, आता या नावाने पाठवू नका. जे आधीच आले होते त्यातील जास्तीची रक्कम दुसऱ्या संकटांसाठी वापरू का, असे तिने देणाऱ्यांना विचारले. बहुतेकांनी हो म्हटले. आलेला पैसा थांबवणे आणि आलेल्या पैशासाठी पुन्हा परवानगी मागणे, ही दयानतदारी व्यापाऱ्याच्या बाजारात तर सोडाच, देणगीच्या बाजारातही विरळाच. त्या वेळी इतर काही संस्थांना हे वागणे रुचले नव्हते.

आता दुसरी बाजू. कागद सगळे जागच्या जागी असूनही माल खोटा निघू शकतो, आणि याचे मोठे उदाहरण सीरियाच्या सरहद्दीवर घडले.

सीरियात २०११ मध्ये युद्ध पेटल्यावर उत्तर सीरियासाठी मदतीचा माल दक्षिण तुर्कस्तानात खरेदी होऊन ट्रकने सरहद्द ओलांडू लागला. देणगीदार देशांचे अधिकारी युद्धाच्या मुलुखात पाऊल ठेवू शकत नव्हते. मालाची पाहणी करणारा डोळा म्हणजे केवळ कागद: कोटेशन, तुलनापत्रक, खरेदीचा हुकूम, पावती, वाटपाची यादी आणि खाली अंगठे. लाखो डॉलरची खरेदी अशी चालू असताना अमेरिकेच्या मदत खात्याच्या महानिरीक्षकांकडे तक्रारी आल्या. तपासात दिसले की काही तुर्की पुरवठादारांनी आपसात टोळी केली होती आणि मदतसंस्थांच्या खरेदी विभागातील काही माणसे त्यांना सामील होती. कुणी कोणत्या भावाने बोली लावायची हे आधी ठरत असे. ठरलेला माणूस जिंके, बाकीचे हरण्यासाठी बोली लावत आणि खरेदी करणाऱ्याला त्याचा हिस्सा पोहोचे. महानिरीक्षकांच्या कार्यालयाने २०१६ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे जी माहिती ठेवली तिच्यात असाही प्रकार होता की उपाशी कुटुंबांसाठी बांधलेल्या शिध्याच्या पेटीत मसुराच्या जागी मीठ भरले गेले. वजन बरोबर, पेटीची संख्या बरोबर, फक्त मसूर नाही.

याच प्रकरणांपैकी एकात न्यूयॉर्कच्या 'इंटरनॅशनल रेस्क्यू कमिटी' या जुन्या व नामांकित संस्थेने २०२१ मध्ये अमेरिकी सरकारला ६९ लाख डॉलर देऊन तडजोड केली. आरोप २०१२ ते २०१५ या काळातील तुर्कस्तानातील खरेदीबद्दल होते. तडजोड म्हणजे गुन्हा शाबीत झाला असे नव्हे, हे येथे नमूद करणे न्यायाचे आहे. परंतु एवढी मोठी संस्था, एवढे कडक नियम, एवढे लेखापरीक्षक, आणि तरी हे वर्षानुवर्षे कसे चालले?

ज्याने बाजारात आयुष्य काढले त्याला याचे नवल वाटणार नाही. तीन कोटेशने पाहिजेत हा नियम साऱ्या जगात आहे, आणि तीन कोटेशने कशी जमतात हेही साऱ्या जगाला ठाऊक आहे. 'तुमच्यासोबत आणखी दोन लेटरहेड घेऊन या' असे खरेदीदाराचा कारकूनच सुचवतो, हे आपल्या गावच्या कोणत्याही कापडबाजारात विचारून पाहावे. फाइलमध्ये तीन कागद लागले की नियमाचे पोट भरते. ते तिन्ही कागद एकाच टाइपरायटरवर किंवा आता एकाच संगणकावर छापले आहेत का, तिघांचा टेलिफोन एकच आहे का, हरणारे दोघे दर खेपेला तेच आहेत का, हे विचारण्याची सोय फाइलमध्ये नसते. ते विचारायला बाजाराचा भाव माहीत असलेला माणूस लागतो. लेखापरीक्षकाला ब्लँकेटची किंमत वाजवी आहे की नाही हे त्या तीन कोटेशनांवरूनच कळते, आणि तिन्ही फुगलेली असतील तर फुगलेलाच भाव त्याला बाजारभाव वाटतो.

ब्लँकेटचेच घ्या. मदतकार्यातील ब्लँकेटचे सर्वमान्य माप दीड मीटर बाय दोन मीटर. वजन, धाग्याची जात, ताकद आणि ऊब धरून ठेवण्याची क्षमता यांचे आकडे करारात असतात. ऊब 'टॉग' नावाच्या एककात मोजतात. आता यात लबाडी कोठे होते? लांबी चार बोटे कमी करा, हजार नगांत कितीतरी कापड वाचते. मालाला दमट ठेवा किंवा खळ द्या, काट्यावर वजन भरते. ब्रश मारून रोवे उठवा, हाताला जाड लागते. एक धुणे झाले की आरपार दिसते. नमुना म्हणून दिलेला नग अव्वल आणि गाठीच्या पोटातला माल दुय्यम, हा तर सर्वांत जुना हुन्नर. म्हणूनच चांगल्या संस्था माल रवाना होण्याआधी त्रयस्थ तपासनीस पाठवतात. कोणती गाठ उघडायची हे तो ठरवतो, विकणारा नाही. गाठीतून त्याने स्वतः काढलेला नमुना सीलबंद होऊन प्रयोगशाळेत जातो. माझ्या मते दहा फॉर्म भरण्यापेक्षा ही एक उघडलेली गाठ अधिक कामाची आहे. फॉर्मवरची चूक ऑफिसात सापडते आणि दुरुस्त होते, पण पातळ ब्लँकेट बर्फात सापडते, तेव्हा ते पांघरून मूल झोपलेले असते.

अटी कधी कधी त्या पैशापुरत्या राहत नाहीत, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. 'नॉर्वेजियन पीपल्स एड' या संस्थेने अमेरिकी मदत घेताना एका प्रतिज्ञापत्रावर सही केली होती की अमेरिकेने बंदी घातलेल्यांना आपण साहाय्य करत नाही. पुढे तिच्या इराण आणि गाझामधील कामांवर बोट ठेवण्यात आले. ती कामे अमेरिकी पैशातून झालेली नव्हती. तरी २०१८ मध्ये तिला २० लाख डॉलरहून अधिक रक्कम देऊन प्रकरण मिटवावे लागले. सहीआधी कागद शेवटच्या पानापर्यंत वाचायला हवा, तो यासाठी.

आणि कागद शंभर टक्के चोख असूनही पैसा बुडू शकतो, हे २०२५ ने दाखवले. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या नव्या सरकारने परदेशी मदत ९० दिवसांसाठी थांबवण्याचा हुकूम काढला. अनेक संस्था आधी स्वतःच्या पैशाने खर्च करून मागाहून बिल लावत असत. आपल्याकडच्या उधारीच्या व्यवहारासारखेच ते. झालेल्या कामाची बिले अडकली आणि त्यामागे पुरवठादार, ट्रकवाले, गोदामवाले अडकले. प्रकरण कोर्टात गेले. ५ मार्च रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने, झालेल्या कामाचे सुमारे दोन अब्ज डॉलर देण्याच्या खालच्या कोर्टाच्या आदेशाला अडवण्यास ५ विरुद्ध ४ मतांनी नकार दिला. तरी १० मार्चला ८३ टक्के कार्यक्रम रद्द झाल्याची घोषणा झाली आणि १ जुलैपासून त्या मदत खात्याने परदेशी मदतीचे काम बंद केले. उरलेले परराष्ट्र खात्याकडे गेले. ज्या पुरवठादाराने आपला खरेदीदार कुणाच्या पैशावर उभा आहे हे विचारले नव्हते, त्याला ते या वेळी कळले.

आपल्या देशात परदेशी देणगीवर वेगळा कायदा आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी प्रथम दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच यावी लागते, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने ती रक्कम दुसऱ्या संस्थेला देण्यास मनाई झाली. यामुळे खेड्यातील लहान मंडळांना मोठ्या संस्थेकडून मिळणारा वाटा थांबला.

ज्यांना या बाजारात माल विकायचा आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. संयुक्त राष्ट्रांच्या शाखांना माल पुरवायचा तर त्यांच्या 'ग्लोबल मार्केटप्लेस' या पुरवठादारांच्या यादीत नाव नोंदवावे लागते. ही नोंदणी मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणारा दलाल भेटला तर ओळखून घ्यावे. बिल, लॉरी पावती आणि माल मिळाल्याची सही यांवर नगांचा आकडा एकच हवा, दोन नग फुटके निघाले तर तसे लिहून घ्यावे. पैसे देण्याआधी पुरवठादाराचे नाव बंदी असलेल्यांच्या याद्यांशी ताडले जाते, आणि आपल्याकडे एकाच नावाची शेकडो माणसे असल्याने नुसत्या नावसाधर्म्यावरून बिल अडकण्याचे प्रकार होतात. त्यावर रागावून उपयोग नाही. वडिलांचे पूर्ण नाव, जन्मतारीख, पासपोर्टची प्रत आणि पेढीचे नोंदणीपत्र सुरुवातीलाच फाइलला लावून द्यावे, आणि स्पेलिंग सर्व कागदांवर एकच ठेवावे. मोहम्मद एका ठिकाणी पूर्ण आणि दुसऱ्या ठिकाणी एमडी असे नको. ईदला खरेदी अधिकाऱ्याच्या घरी मिठाईचा डबा किंवा सुटाचे कापड पाठवण्याची आपली जी रीत आहे ती येथे बंद ठेवावी. संयुक्त राष्ट्रांच्या खरेदीत अशा भेटीला मनाईच आहे, आणि त्या एका डब्यावरून पुरवठादाराचे नाव यादीतून जाऊ शकते.